स्वादुपिंडवाल्या बाई

खोली बघायला आलेल्या मुलीला कुठलीही घरमालकीण विचारते ते नोकरी कुठे, पगार किती, घरी कोण येणार-जाणार. बाईंनी मला विचारलं, "तुझं स्वादुपिंड कुठे असतं, दाखव."

मी खांद्यावरची बॅगही उतरवली नव्हती. गोंधळून मी पोटावर हात ठेवला.

"ते जठर. त्याच्या मागे जा." बाईंनी माझे खांदे धरून मला चक्क पाठमोरी केली आणि पेनाच्या टोपणाने पाठीवर एक आडवी रेघ ओढली. "हे इथं. आडवं पडलेलं असतं बिचारं. डोकं उजवीकडे, शेपूट डावीकडे. जन्मभर राबतं, आणि मालकाला पत्ता विचारला तर मालक भलतीकडे बोट दाखवतो."

बदलापूरजवळ खरवईला नव्या इमारतींच्या रांगेत त्यांचा फ्लॅट होता. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका रंगाच्या कंपनीत क्वालिटीला होते. बाबा कारखान्यातून रिटायर झाले, क्वार्टर सोडावं लागलं, आईबाबा माणगावकडे गावी गेले आणि मी भाड्याची खोली शोधत फिरत होते. त्याआधी दोन ठिकाणी मला नकार मिळाला होता. दोन्हीकडे सगळं ठरत आलं होतं, आणि मी "फ्रिजमध्ये माझं इन्सुलिन ठेवावं लागेल" म्हटल्यावर मालकिणींचे चेहरे बदलले होते. एकीने तर विचारलं होतं, "लागण होत नाही ना?"

बाईंना सांगताना म्हणूनच माझा आवाज खाली गेला. बाईंचा चेहरा मात्र माहेरचं माणूस दारात आल्यासारखा उजळला.

"दाराच्या कप्प्यात ठेवू नकोस, दार सारखं उघडतं. मधला कप्पा तुझा. माझी भाजी राहील बाहेर."

भाड्याचं बोलायचं दोघीही विसरलो. ते मी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं.

बाई उल्हासनगरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या. लग्न केलं नव्हतं. उंच, सडसडीत, केस स्वतःच कापलेले, त्यामुळे एका बाजूला नेहमी थोडे जास्त. सुती साडी आणि खाली कॅनव्हासचे पांढरे बूट. सगळी नोकरी सिंधी पोरांना शिकवण्यात गेल्यामुळे भाजीवाल्याशी भांडण पेटलं की त्या सिंधीत शिरत, आणि भाजीवाला आग्र्याचा असला तरी गप्प होई. स्वयंपाक त्यांना येत नव्हता. येत नव्हता म्हणजे, त्या करत. पण वरणात काय घातलंय हे विचारायची सोय नव्हती.

मराठी भाषेवर त्यांचा एकच राग होता. "काळजाला घरं पडतात, पित्त खवळतं, पोटात गोळा येतो, आतडं तुटतं. सगळ्यांवर काही ना काही आहे. स्वादुपिंडावर एक साधी म्हण नाही!" ही उणीव त्यांनी आपल्या परीने भरून काढली होती. गाजावाजा न करता काम करणारा माणूस भेटला की त्या म्हणत, "माणूस अगदी स्वादुपिंड आहे." ही त्यांच्याकडची सगळ्यात मोठी पदवी. इमारतीच्या वॉचमनला ती मिळाली होती. सोसायटीच्या चेअरमनना शेवटपर्यंत मिळाली नाही.

रविवारी सकाळी गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बाईंची बैठक भरे. इमारतीतले बहुतेक शुगरवाले येत. सगळ्यांच्या पुढे चटई टाकून लच्छू अंकल बसत. उल्हासनगरला त्यांचं कापडाचं दुकान होतं, ते मुलांवर सोपवून ते खरवईला आले होते, आणि शुगर त्यांच्याकडे दुकानाइतकीच जुनी होती. बाई आठवडाभरात वाचलेलं नवं संशोधन सांगत. प्रयोगशाळेत मूळपेशींपासून इन्सुलिन करणाऱ्या पेशी वाढवल्या, त्या माणसाच्या यकृतात सोडल्या, आणि त्या तिथे कामाला लागल्या. रोजच्या ऐवजी आठवड्यातून एकदा घ्यायचं इन्सुलिन निघालं. स्वादुपिंडातल्याच शेजारच्या पेशींना पटवून त्यांच्याकडून इन्सुलिनचं काम करून घेतलं.

"ये आखिरी वाला किसमें हुआ, मॅडम?" लच्छू अंकल विचारत.

"उंदरांत."

"फिर चूहों का ही भला हुआ!" अंकल कपाळावर हात मारत. "मॅडम, इतने साल में चूहों की शुगर कितनी बार ठीक हुई! हमारा नंबर कब?"

बाई स्वतःही खो खो हसत. पण खोटी आशा त्यांनी कोणाला दिली नाही. त्यांची एक सक्त शिकवण होती: बातमी खालून वर वाचायची. "वरती लिहितात ‘मधुमेह बरा होणार’. शेवटच्या ओळीत लिहितात की या पेशी शरीराने हाकलून देऊ नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यावी लागली. तेव्हा शेवटची ओळ आधी. मग वाटलं तर वरचं वाचा आणि आनंद करा." बाई पेपर खरोखरच असा वाचत. त्यामुळे कोण वारलं हे त्यांना आधी कळे आणि तो कोण होता हे नंतर.

एकदा आमच्या इमारतीत शुगर मुळापासून घालवायचं चूर्ण विकणारा माणूस आला. बाईंनी त्याला आत बोलावलं, पंख्याखाली बसवलं, चहा दिला आणि नेहमीचा प्रश्न विचारला. त्याने बेंबीच्या खाली उजवीकडे बोट टेकवलं.

"ते अपेंडिक्स," बाई म्हणाल्या. "उठा."

तो दुपारी जेवायच्या वेळेपर्यंत आमच्या हॉलमध्ये होता. बाईंनी त्याला जठरापासून सुरुवात करून सगळं पोट शिकवलं, अधूनमधून प्रश्न विचारले, चुकला की पुन्हा शिकवलं. शेवटी तो काकुळतीला येऊन म्हणाला, "मॅडम, मी उद्यापासून केसांचं तेल विकतो." बाई त्याला दारापर्यंत सोडायला गेल्या आणि म्हणाल्या, "मग त्वचेचं शिकून जा." तो जिन्याने पळाला.

आम्ही त्यावर आठवडाभर हसलो. पण चूर्णवाल्यावरून मला जे आठवलं ते मी बाईंना तेव्हा सांगितलं नाही. ते त्यांना नंतर कळलं, वेगळ्याच कारणाने, आणि तेही माझ्या तोंडून नाही.

खालच्या मजल्यावर एका बाळाचं बारसं होतं. आम्ही दोघी गेलो होतो. पाळणा हलत होता, बायका गाणं म्हणत होत्या, बाईंच्या ओंजळीत घुगऱ्या होत्या. शेजारच्या काकूंनी मला सहज विचारलं, "तुझं नाव गं कोणी ठेवलं?"

मी म्हटलं, "नर्सने. माझं बारसं झालंच नाही. मामा येईपर्यंत लांबवलं होतं, आणि आदल्या दिवशी मी बेशुद्ध झाले. हॉस्पिटलात नाव लिहायचं होतं, म्हणून..."

"कशाने बेशुद्ध झालीस?" हे बाईंनी विचारलं.

"शुगरने."

"किती दिवसांची होतीस?"

"दीड महिन्याची असेन."

बाईंनी ओंजळीतल्या सगळ्या घुगऱ्या माझ्या हातात ओतल्या. "तू मला लहानपणापासून म्हणाली होतीस."

"दीड महिना म्हणजे लहानपणच ना, बाई?"

"अगं, लहानपण नाही ते, ती तान्हेपणाची गोष्ट आहे!" बाई एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की गाणं थांबलं. आणि बाळाच्या आईला आशीर्वाद न देता, बुटांची नाडी न बांधता त्या घरी निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्या नुसतं वाचत होत्या. मग चहाचा कप माझ्यापुढे ठेवून म्हणाल्या, "मला एक शंका आहे. शंका आहे, बातमी नाही. उगाच नाचू नकोस."

त्यांनी सांगितलं ते असं. सहा महिन्यांच्या आत झालेली शुगर सहसा नेहमीची टाइप वन नसते. बहुतेकदा एखाद्याच जनुकात बिघाड असतो. यातल्या एका प्रकारात स्वादुपिंडात इन्सुलिन तयार होत असतं, पण पेशीतून बाहेर पडत नाही. आणि अशा बऱ्याच जणांना सुईऐवजी गोळी लागू पडते.

"कसली गोळी?"

"लच्छू घेतो त्याच घराण्यातली. जुनी, साधी."

मी हसले. मला ते खरंच वाटेना. अठ्ठावीस वर्षं मी दिवसातून चार-चार वेळा टोचून घेत होते, मांड्यांवर आणि पोटावर जागा शोधत होते, आणि खालच्या मजल्यावरच्या लच्छू अंकलच्या शर्टाच्या खिशात माझं औषध?

उल्हासनगरला माझे डॉक्टर होते, वयस्कर सिंधी गृहस्थ. माझी फाइल त्यांच्याकडे आली तेव्हा मी कॉलेजात होते, आणि फाइलवर टाइप वन आधीपासूनच लिहिलेलं होतं. बाईंचं म्हणणं त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं. चष्मा काढून पुसला.

"बेटा, तू पैदा हुई तब ये बात दुनिया में किसी को मालूम नहीं थी," ते म्हणाले. "बाद में मालूम पडी, तो मुझे पूछना चाहिए था. चलो, अब पूछते हैं." त्यांनी रक्ताचा नमुना दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेत पाठवला आणि मला बजावलं, "रिपोर्ट येईपर्यंत इन्सुलिनचा एक थेंबही कमी करायचा नाही."

मी हे सगळं आईला फोनवर सांगितलं. संध्याकाळी सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आई माणगावहून खरवईच्या दारात उभी. हातात पिशवी, चेहरा घट्ट.

"माझ्या पोरीची सुई बंद करा असं कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही," बाई म्हणाल्या. "आणि असं कोणी सांगितलंच तर त्याला चपलेने मारा. आत या."

आई आत आली, पण बसली नाही. उभ्याउभ्याच तिने ते सांगितलं, जे मी बाईंपासून राखून ठेवलं होतं. मी तीन वर्षांची असताना नात्यातल्या कोणीतरी एका पुडीवाल्याकडे नेलं. तो म्हणाला, सुईनेच पोर खंगतेय, सुई बंद करा. आईबाबांनी बंद केली. मला शुद्धीवर आणायला डॉक्टरांना दोन दिवस लागले. "तेव्हापासून मी शपथ घेतलीय," आई म्हणाली. "आता मला एवढंच सांगा, बाई. ती पुडी आणि तुमची ही गोळी, फरक काय?"

मला लाजल्यासारखं झालं. बाईंना मात्र इतका आनंद झाला की त्यांनी आईचे दोन्ही हात धरले. "ताई, हा प्रश्न माझ्या उभ्या नोकरीत एकाही पोराने विचारला नाही. बसा. नाही, ओट्याशी चला."

ओट्यावर त्यांनी तांदळाचं पीठ पसरलं आणि बोटाने त्यात एक गोल काढला. "ही पेशी. आत इन्सुलिन भरून ठेवलंय. जेवण झालं की पेशीच्या अंगावरची ही बारीक दारं मिटतात, आणि ती मिटली की आतल्या इन्सुलिनला बाहेर पडायचा इशारा मिळतो. माझी शंका अशी की तुमच्या मुलीची ही दारं मिटतच नाहीत. म्हणून इशारा नाही, म्हणून इन्सुलिन आतच. ही गोळी तेवढी दारं मिटवते."

"आणि तुमची शंका खोटी निघाली तर?"

"तर सुई चालू. जन्मभर. मी स्वतः भरून देईन. पुडीवाल्याने रक्त तपासलं होतं? आम्ही आधी तपासतोय. त्याने एका दिवसात बंद केली. आम्ही हॉस्पिटलात, डॉक्टरांच्या समोर, गोळी थोडी वाढवणार, सुई थोडी कमी करणार. तुम्ही खाटेपाशी बसायचं. तुम्ही थांबा म्हणालात की थांबायचं."

"मी थांबा म्हटलं की थांबाल?"

"थांबू."

आईने पिठातल्या गोलाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पीठ चांगलं आहे. वाया कशाला घालवताय?" आणि पदर खोचून भाकऱ्या करायला घेतल्या. रिपोर्ट येईपर्यंत ती राहिली. स्वयंपाकघर तिने पहिल्याच दिवशी ताब्यात घेतलं, आणि बाईंनी ते सुटकेचा निःश्वास टाकून दिलं.

रिपोर्ट डॉक्टरांनी मोबाइलवर पाठवला. बाईंनी सवयीप्रमाणे शेवटच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. वर पोचल्या. पुन्हा खाली आल्या. चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाल्या, "आहे."

मला नाचू नकोस म्हणणाऱ्या बाई मग आईचे हात धरून हॉलच्या मधोमध फुगडी घालायला लागल्या. सत्तरीच्या बाई, साठीची आई, कॅनव्हासचे बूट टाइल्सवर कचकच वाजतायत. आई ओरडत होती, "अहो बाई, पडाल!" आणि सोडत मात्र नव्हती. आवाज ऐकून लच्छू अंकल वर आले. त्यांना सांगितलं तेव्हा ते खिशातली गोळ्यांची पट्टी काढून तिच्याकडे नव्याने बघायला लागले. "मेरी वाली? ये इतनी बडी चीज है?" मग बाईंकडे वळून म्हणाले, "मॅडम, आखिर चूहों के बाद इंसान का नंबर लग गया!"

हॉस्पिटलात मात्र सगळं इतकं सरळ झालं नाही. दंडावर सेन्सर होता आणि साखरेची रेघ मोबाइलवर दिसत होती. आई ती रेघ दुधावर नजर ठेवावी तशी बघत बसायची. पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी सुई कमी केली, गोळी अजून पुरती लागू झाली नव्हती, आणि दुपारी रेघ चढायला लागली. तीनशेच्या वर गेली. मला तहान लागली, तोंड कोरडं पडलं. आईने माझ्याकडे पाहिलं, आणि तिला कोण दिसलं ते मला कळलं. तीन वर्षांची मी.

"थांबा," आई म्हणाली.

डॉक्टर समजावू लागले, "माँजी, ये होता है, कल तक..."

"डॉक्टर," बाई मध्येच म्हणाल्या, "त्या थांबा म्हणाल्यात." मला वाटलं होतं, बाई आता आईला पटवतील. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते हातातोंडाशी आलेलं. पण बाई उठून आईच्या शेजारी जाऊन बसल्या. डॉक्टरांनी मान हलवली, इन्सुलिन पुन्हा वाढवलं. रेघ खाली आली.

सकाळी आईने माझी वेणी घातली. घालता घालता विचारलं, "तुला काय वाटतं?"

"मला भीती वाटते," मी म्हटलं. "पण बघावंसं वाटतं."

आईने वेणीला गाठ मारली आणि बाहेर जाऊन स्वतःच डॉक्टरांना म्हणाली, "चला. हळू चला, पण चला." बाई मला हळूच म्हणाल्या, "तुझी आई स्वादुपिंड आहे गं." यापेक्षा मोठं त्या कोणाबद्दल काही बोलल्याचं मला आठवत नाही.

यावेळी डॉक्टरांनी पावलं आणखी बारीक टाकली. गोळी चढत गेली, सुई उतरत गेली. आठवडा सरता सरता एका सकाळी नर्स ट्रे घेऊन आली, त्यात नुसत्या गोळ्या होत्या. मी विचारलं, "सुई?" ती म्हणाली, "आज लिहिलेली नाही." दुपारीही नव्हती. रेघ शांत होती.

बाई आता अमरावतीला भाचीकडे असतात. दर आठवड्याला फोन करतात आणि माझ्या तिमाही तपासणीचा आकडा मागून घेतात. मागच्या महिन्यात म्हणाल्या, हल्ली त्या प्लीहेवर वाचतायत. "स्वादुपिंडाला आता पुष्कळ लोक आहेत. प्लीहेला कोणी नाही." भाचीच्या इमारतीतल्या लोकांना प्लीहा कुठे असते हे आता नक्की माहीत असणार.

हॉस्पिटलातून आम्ही खरवईला परत आलो त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. आईने वालाचं बिरडं केलं होतं आणि तव्यावर तांदळाची भाकरी फुगत होती. बाईंनी पाट मांडले. मी सवयीने उठून फ्रिजपाशी गेले, दारावर हात ठेवला आणि तशीच उभी राहिले. पुढे काय करायचं ते हातांना कळेना. आजवर जेवण म्हणजे आधी टोचायचं, मग घड्याळ बघत थांबायचं, आणि तोवर ताट निवायचं. माझ्याबरोबर आईही थांबायची. आमच्या घरात दोन ताटं नेहमी गार झालेलीच असत.

"ये की बसायला," बाई म्हणाल्या.

मी पाण्याबरोबर गोळी घेतली आणि बसले. आईने तव्यावरची भाकरी सरळ माझ्या ताटात टाकली, वर बिरडं वाढलं. वाफ माझ्या चष्म्यावर आली. मी घास तोडला, तोंडात घातला आणि जीभ चांगलीच भाजली. डोळ्यांत पाणी आलं.

"अगं, फुंकर मारून खावं!" आई म्हणाली.

ते मला कोणी शिकवलंच नव्हतं. आईने दुसरा घास तोडला, स्वतः फुंकर मारली, आणि माझ्यापुढे धरला.